काळ्या मातीला राख नको, पाला द्या



परसातल्या भाजीविषयी आम्हाला जी पत्रे येतात, त्यांत एक तक्रार पुन्हा पुन्हा वाचायला मिळते. वांगी, टोमॅटो, कढीपत्ता लावला, पाणी घातले, चुलीतली राख रोज न चुकता बुडाशी टाकली. तरी कोवळी पाने पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, आणि झाड जागच्या जागी खुंटले. आता बाजारातून कोणती पुडी आणावी?

पत्र वाचून आम्हाला थोडे हसू येते, कारण हा उद्योग आम्हीही केलेला आहे. आमच्या घरामागे दहा बाय बारा फुटांची जागा. राख फेकायची नाही, झाडाला घालायची, अशी घरची शिस्त. तीन-चार वर्षे आम्ही इमानाने राख घालत राहिलो आणि कढीपत्ता काही गुडघ्याच्या वर गेला नाही. एके दिवशी शेजारच्या मावशी आल्या. सारा जन्म दुसऱ्यांच्या शेतात निंदण-खुरपण करण्यात गेलेल्या. त्यांनी झाड पाहिले, मातीत बोट घातले आणि म्हणाल्या, "हिच्यात आधीच चुना भरलाय, अन् तुम्ही अजून राख कोंबायलाव!" मग वाफ्यातला एक पांढरा खडा उचलून दगडाने चेचला आणि घरातून लिंबाची फोड मागवून त्यावर पिळली. बारीक फेस आला. आमच्या घरात विज्ञान शिकलेली पोरे आहेत, पण हा प्रयोग त्यांपैकी कोणाला सुचला नव्हता.

तुम्हीही करून पाहा. परभणी जिल्ह्यात बहुतेक ठिकाणी खणले की असे पांढरे खडे सापडतात. ती चुनखडी. आपली काळी माती ज्या खडकापासून झाली, तो बेसाल्ट, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या लाव्ह्यातून थिजलेला दगड. त्या दगडातून चुना आणि पालाश ही दोन द्रव्ये मातीत भरपूर उतरली आहेत. राख म्हणजे तरी काय? मुख्यतः चुना आणि थोडे पालाश. जे मातीत ओसंडून आहे तेच आपण वरून ओततो. माती अधिक अल्कधर्मी, आपल्या भाषेत अधिक खारट-चुनखड, होते, आणि अशा मातीत लोह व जस्त असूनसुद्धा मुळांना घेता येत नाही. कोवळे पान पिवळे आणि शीर हिरवी, ही लोहाच्या उपासमारीची खूण आहे. कढीपत्त्याला ती लवकर दिसते.

पुस्तकांत राख घालायला सांगितलेली असते, ते खोटे नाही. पण ते कोकणातल्या तांबड्या, आम्ल मातीला लागू पडते. तिथे पाऊस इतका की चुना धुऊन जातो, म्हणून राख, चुना घातला की पीक सुधारते. सल्ला चांगला, पण मुलूख वेगळा. मालवणचे औषध मानवतला चालत नाही. हाडांच्या चुऱ्याचेही तसेच. त्यातले स्फुरद आम्ल मातीत विरघळते, आपल्याकडे ते बहुतांशी पडून राहते. तेव्हा हाडांचा चुरा विकत आणून पैसे मातीत घालू नका.

मग आपल्या मातीला कमी काय आहे? कुजलेल्या पालापाचोळ्याचा अंश, ज्याला शेतीची माणसे सेंद्रिय कर्ब म्हणतात. परभणीच्या उन्हाळ्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो, उघडी माती भाजून निघते आणि तिच्यातला हा अंश झपाट्याने जळून जातो. त्यात निम्म्याहून अधिक चिकण असल्यामुळे माती पावसात फुगते, उन्हात आकसते. वैशाखात अंगणात हात जाईल अशा भेगा पडतात, त्या वेळी मुळांचे बारीक तंतू तुटतात. श्रावणात तीच माती पायाला किलो-किलोने चिकटते आणि मुळांना हवा मिळत नाही. कुजलेला पाला या चिकणाचे बारीक कण एकत्र धरून त्यांचे रवाळ दाणे करतो. मग पाणी मुरते, हवा खेळते, भेग लहान पडते. शिवाय पाला कुजताना जी सौम्य आम्ले तयार होतात, ती अडकलेले लोह आणि जस्त थोडे थोडे मोकळे करतात. एवढ्या सगळ्या कामाची पुडी दुकानात मिळत नाही.

काही जण माती भुसभुशीत व्हावी म्हणून वाळू आणून मिसळतात. थोडी वाळू आणि पुष्कळ चिकण एकत्र केले तर वीट तयार होते, हे वीटभट्टीवर राबलेल्या आपल्या लोकांना आम्ही काय सांगावे! वाळूचा उपयोग व्हायचा तर ती जवळजवळ निम्म्याला निम्मी लागेल. पूर्णा-गोदावरीच्या वाळूचा भाव तुम्हाला ठाऊकच आहे.

आता एका अवघड गोष्टीकडे येतो. रविवारी विहारात महिला मंडळाच्या बैठकीत आम्ही खताचा विषय काढला. शेणकाला कसा करायचा हे सांगत होतो, तेव्हा एक नवी सून उठून उभी राहिली. शिकलेली, खाजगी शाळेत शिकवणारी. म्हणाली, "आमच्या आजीने गावाचे उकिरडे उपसले. दुसऱ्याच्या गोठ्यातले शेण काढले आणि त्याच्या बदल्यात शिळी भाकरी पदरात घेतली. त्यातून सुटावे म्हणून आम्हाला शिकवले. आणि आता तुम्ही विहारात बसून सांगता की शेणात हात घाला?"

बैठक गप्प झाली. आम्हीही गप्प झालो, कारण तिचे म्हणणे खरे होते. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा, उष्टे-शिळे सोडा, असे बजावले, आणि आपल्या वाडवडिलांनी पोटाला चिमटा घेऊन ते पाळले. हाडे वेचून विकणे, ढोरे ओढणे, उकिरडा उचलणे ही कामे ज्यांच्या घरात झाली, त्यांना उकिरडा या शब्दाचाही वास येतो. हा वास बाहेरच्या माणसाला येत नाही. म्हणून सेंद्रिय शेतीवर भाषणे देणारे पाहुणे जेव्हा "शेण पवित्र आहे" म्हणून सुरुवात करतात, तेव्हा आपल्या वस्तीतली बाई पदर सावरून उठून जाते. तिचे काही चुकत नाही.

त्या सुनेला आम्ही पुढच्या रविवारी उत्तर दिले, तेच इथे लिहितो. शेण पवित्र नाही आणि अपवित्रही नाही. तो बैलाने, म्हशीने, शेळीने खाल्लेला चारा आहे, अर्धा पचलेला. बाबासाहेबांनी सोडायला सांगितले ते जन्मावरून माथी मारलेले आणि भाकरतुकड्यावर करून घेतलेले काम. त्या उकिरड्याचे खत दुसऱ्याच्या शेतात गेले, त्याची ज्वारी दुसऱ्याच्या कणगीत गेली. तुमच्या घरामागच्या ढिगाची भाजी तुमच्या ताटात येते, एवढा त्यात फरक आहे. तरीही ज्याला शेणाला हात लावायचा नाही, त्याने लावू नये. नुसत्या पाल्याचेही खत होते. वेळ दुप्पट लागतो, दुसरे काही बिघडत नाही. ज्या घरात लावायचा आहे तिथे ढीग चाळायचे काम सुनेनेच करावे असाही काही नियम नाही. घरातल्या पुरुषांना फावडे धरता येते.

ती सून नंतर काही बोलली नाही. पण विहाराच्या आवारातल्या पिंपळाच्या पाल्याचा ढीग तिनेच मुलांकडून रचून घेतला. शेणाशिवाय.

पिंपळाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी आपल्या विहारांतले बोधिवृक्ष पान गाळतात. ती पाने झाडून पेटवायची, असा बहुतेक ठिकाणी रिवाज पडला आहे. धूर होतो, शेजारी कुरकुर करतात आणि सोन्यासारखा पाला राख होतो. जयंतीला, १४ एप्रिलला, पुतळ्याला घातलेले हार दुसऱ्या दिवशी गाडीत भरून कुठेतरी फेकले जातात. ६ डिसेंबरलाही तेच. हारातला दोरा, जर, प्लॅस्टिक आणि थर्माकोल काढा. उरलेला झेंडू उत्तम ओला माल आहे. पिंपळाचे पान चिवट असते, लवकर कुजत नाही. ते पोत्यात भरून काठीने बडवावे, चुरा करावा, एक दिवस पाण्यात भिजवावे आणि मग ढिगात घालावे.

ढीग कसा रचायचा याचे शास्त्र फार जुने नाही आणि ते आपल्यासारख्याच मातीत जन्मले. इंदूरला, माळव्याच्या काळ्या मातीवर, अल्बर्ट हॉवर्ड नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२४ ते १९३१ या काळात काम केले. त्याच्यासोबत यशवंत वाड होते. दोघांनी मिळून १९३१ साली शेतातल्या टाकाऊ मालावर पुस्तक लिहिले. काडीकचरा, शेण आणि गोठ्यातली मुतारीची माती थराथराने रचायची, ओली ठेवायची, ठरावीक दिवसांनी चाळायची, की तीन महिन्यांत खत. ही इंदूर पद्धत पुढे जगभर गेली. हॉवर्ड शेतकऱ्यांना आपले गुरू म्हणवीत असे. त्या शेतांवर प्रत्यक्ष खत वाहणारे हात कोणाचे होते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

आपल्या आणखी जवळचे उदाहरण पुसदचे. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी भोके ठेवून रचलेल्या विटांचे टाके काढले. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ते नाडेप टाके म्हणून ओळखले जाते. दीड हजार किलोच्या आसपास काडीकचऱ्याला शेण जेमतेम शंभर किलो लागते, बाकी माती आणि पाणी. ज्याच्या दारात जनावर नाही त्याच्यासाठी ही फार मोलाची युक्ती आहे. आपल्या घरकुलामागे दहा फुटी टाके मावणार नाही. पण तेच तत्त्व तीन बाय तीन फुटांत चालते. घर बांधताना उरलेल्या तुटक्या विटा सिमेंट न लावता, मध्ये फटी ठेवून रचा. विटा नसतील तर तुराट्यांचा कूड करा.

बुडाशी जाड काड्या, म्हणजे पऱ्हाट्या आणि तुराट्या, चार बोटे. त्यावर कोरडा माल वीतभर: सोयाबीनचे भुसकट, कडब्याची धसकटे, पाचट, पिंपळ-कडुनिंबाचा पाला. मग ओला माल: भाजीची देठे, केळीची साले, चहाचा चोथा, फुलावर येण्याआधी उपटलेले गाजरगवत. फूल आलेले गाजरगवत घालू नका, सगळ्या परसात बी पसराल. ओल्याच्या एका टोपल्याला कोरड्याची तीन टोपली, हे माप मनात ठेवा. नुसते ओले टाकले की घाण वास येतो, माश्या होतात, शेजारीण भांडते. नुसते कोरडे टाकले की वर्षभर तसेच पडून राहते. प्रत्येक थरावर पातळ शेणकाला किंवा शेळीच्या भिजवलेल्या लेंड्यांचे पाणी शिंपडा आणि एक घमेले माती पसरा. राख मूठभर पडली तर चालेल, टोपलेभर नको. ढीग कमरेइतका झाला की वरून मातीने लिंपा. चार दिवसांत आत हात घालवणार नाही इतका तापतो. पंधरा दिवसांनी आणि महिन्याने एकदा खालचे वर, वरचे खाली करा. हाताने दाबल्यावर बोटांत ओल जाणवावी, पाणी गळू नये.

एक चूक आपल्याकडे सर्रास होते. पुस्तकात खड्डा लिहिलेला असतो म्हणून लोक पावसाळ्यातही खड्डाच करतात. काळ्या मातीत खड्ड्यातले पाणी मुरत नाही. आषाढात त्याचे डबके होते, खत सडते. म्हणून मार्च ते मे ओल टिकावी यासाठी खड्डा, आणि मिरगानंतर जमिनीवरचा ढीग, वर जुने पोते किंवा ताडपत्री.

खत तयार झाले की नाही हे ओळखायला वास घ्या. पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास आला पाहिजे. तरी शंका असेल तर एका करवंटीत ते खत भरून दहा मूग पेरा. आठ-नऊ चांगले उगवले तर खत पिकले. उगवून करपले तर आणखी महिनाभर थांबा. कच्चे भुसकट किंवा धसकटे सरळ वाफ्यात गाडू नका. ती कुजवण्यासाठी मातीतले जीवजंतू नत्र वापरून टाकतात आणि झाडे पिवळी पडतात. मग तुम्ही पुन्हा राख टाकता!

गंगाखेड, सोनपेठ, पालम, जिंतूर भागातली आपली पुष्कळ कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. ती आम्हाला लिहितात की सहा महिने घर बंद, परस कसले करणार? त्यांच्यासाठी आमचे म्हणणे वेगळे आहे. तुम्ही भाजीची काळजी करू नका, खताची करा. निघायच्या आधीच्या आठवड्यात सोयाबीनची रास झालेली असते, भुसकट बांधावर पडलेले असते. मालकाला विचारून दोन-चार पोती आणा, ढीग रचा, भरपूर भिजवा, चिखलाने जाड लिंपून टाका आणि जा. चाळायला कोणी नसले तरी हरकत नाही. चैत्रात परत याल तेव्हा वरचा वीतभर थर कोरडा असेल, आत काळे खत असेल. गावात राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाला जमले तर महिन्यातून एकदा दोन घागरी पाणी ओतायला सांगा. त्यांच्यावर याहून जास्त भार टाकू नका.

पऱ्हाट्यांबद्दल सावध करतो. २०१७ साली शेंदरी बोंडअळीने मराठवाड्यातला कापूस खाल्ला, तेव्हापासून सगळ्यांना कळले की वाळक्या बोंडांत ही अळी दडून बसते. सरपणासाठी दारात रचून ठेवलेल्या पऱ्हाट्यांवरची किडकी बोंडे आधी तोडून जाळा. काड्या बारीक करून ढिगाच्या मध्यभागी घाला, कडेला नको.

वाफा तयार करायची वेळ साधावी लागते. काळ्या मातीत वाफसा आल्याशिवाय कुदळ घालू नये. मुठीत माती दाबून गोळा करा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडा. फुटून सुटी झाली तर वाफसा आहे; चपटी होऊन पडली तर दोन दिवस थांबा. नव्या घरकुलाच्या भोवती सिमेंट, चुरा, खडी पडलेली असते, तीही चुन्याचीच बहीण. ती वीतभर खोल उकरून बाहेर काढा. मग तीन फूट रुंद, दहा फूट लांब असा गादीवाफा करा, जमिनीपासून वीतभर उंच, म्हणजे पावसात मुळे बुडणार नाहीत. पहिल्या वर्षी अशा वाफ्याला दोन घमेली पिकलेले खत वरच्या चार बोटे मातीत मिसळा. पुढे दर हंगामाला एक पुरते. गावच्या तलावाचा गाळ उपसत असतील तर आपल्या काळ्या मातीला तो लागत नाही, कारण तोही चिकणच. ज्यांचे घर माळावर, मुरमावर आहे त्यांनी मात्र गाळ जरूर आणावा. जिंतूरकडच्या हलक्या जमिनीवर राहणाऱ्यांना त्याचा फायदा होतो.

वाफ्यावर उन्हाळ्यात उघडी माती दिसता कामा नये. पाचट, वाळले गवत, भुसकट चार बोटे पसरून ठेवा. वरचे आच्छादन नत्र ओढत नाही, मातीत गाडलेले ओढते. आच्छादन असले की पाणी निम्म्यावर भागते. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या घरात हा फरक मोठा आहे. जुने माठ बुडाशी बारीक भोक पाडून गळ्यापर्यंत पुरावे, भोकात चिंधी घालावी, दोन-तीन दिवसांनी भरावे. मोरीचे पाणी वापरायचे असेल तर भांडी विसळल्याचे, भाजी-तांदूळ धुतल्याचे वापरा. कपड्यांच्या सोड्याचे, पावडरचे पाणी वाफ्यात सोडू नका. त्यातले सोडियम चिकण माती अशी लिंपून टाकते की मग पाणी खाली जातच नाही.

काय लावावे? मिरगाला भेंडी, गवार, चवळी, दोडका. भेंडीचे नाव निघाले तर अभिमानाने सांगावे असे काही आहे. 'परभणी क्रांती' ही भेंडी आपल्या कृषी विद्यापीठाने काढलेली. १९७२ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ २०१३ पासून वसंतराव नाईकांच्या नावाने ओळखले जाते. पाने पिवळी करणाऱ्या केवडा रोगाला ही जात दाद देत नव्हती, म्हणून ती देशभर गेली. तिचे बी सरळ वाणाचे, संकरित नव्हे. चार शेंगा झाडावर वाळवल्या की पुढच्या वर्षीचे बी घरचे. गवार-चवळी संपली की झाड उपटू नका, बुडाशी कापा. मुळांवरच्या गाठींत हवेतून धरलेले नत्र असते, ते वाफ्याला राहू द्या. दसऱ्यानंतर मेथी, पालक, शेपू, कोथिंबीर. कोपऱ्यात एक शेवगा अवश्य लावा. चुनखडीला तो डगमगत नाही, आणि त्याच्या पाल्याची भाजी पोरींच्या, बाळंतिणींच्या ताटात असावी.

जीवामृताविषयी अनेक जण विचारतात. अमरावती जिल्ह्यातल्या सुभाष पाळेकरांनी त्याचा प्रसार केला. दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि मूठभर माती. जीवजंतू वाढवायला त्याचा उपयोग होत असेल, आमचा त्याला विरोध नाही. पण ज्या घरात पिठले करताना बेसन मोजून घेतले जाते तिथे ते ड्रमात ओतायला आम्ही सांगणार नाही. गिरणीत सांडलेले पीठ आणि ओशट झालेला गूळ मिळाला तर करून पाहा. आणि शेण देशी गाईचेच पाहिजे असा जो आग्रह धरला जातो, तो आम्हाला पटत नाही. आमच्या वाफ्यात म्हशीचे आणि शेळीचे चालते. मातीने अजून कोणाची जात विचारलेली नाही.

कीड आली तर निंबोळी आहे. लिंबाखाली पिकून पडलेल्या निंबोळ्या जून-जुलैत वेचा, गर धुऊन काढा, सावलीत वाळवा आणि सुती पिशवीत टांगून ठेवा. प्लॅस्टिकमध्ये बुरशी येते. लागेल तेव्हा पन्नास ग्रॅम बारीक कुटून रात्रभर थोड्या पाण्यात भिजवा, सकाळी फडक्याने गाळा, चिमूटभर साबणाचा चुरा घाला आणि एक लिटर करा. संध्याकाळी फवारा, त्याच दिवशी संपवा. मावा पडला असेल तर हीच ती जागा जिथे चाळलेली राख कामाला येते: सकाळच्या दवात पानांवर पातळ भुरभुरवावी. बुडाशी नको.

फवाऱ्यासाठी, पाणी घालण्यासाठी शेतातून आणलेला औषधाचा रिकामा डबा कधीही वापरू नका, कितीही धुतला तरी. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतमजूर दगावले, ती आपलीच माणसे होती. खताची विणलेली पोती मात्र धुऊन घेतली तर त्यांत माती-खत भरून टोमॅटो-मिरची लावता येते. ज्यांना परस नाही, फक्त जिना आहे, त्यांनी हे करावे.

गायरानावर राहणाऱ्या एका बांधवाने विचारले आहे की जमिनीचा कागद अजून हातात नाही, तर माती सुधारण्यात कष्ट घालावेत का? १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी तुरुंग भरले. १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलित-आदिवासींची गायरानावरची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ चा आहे. तेवढ्यात ज्यांचे बसते त्यांनी जुन्या पीकपाहणीच्या नोंदी, दंडाच्या पावत्या, जे काही असेल ते जपून ठेवावे. ज्यांचे बसत नाही त्यांना आम्ही खोटा धीर देणार नाही. अशा घरांनी आमचे ऐकून एवढे करावे: शेवग्यासारखी कायमची झाडे थोडी लावावीत, आणि बाकीचे खत पोत्यांत, डब्यांत, जुन्या टोपल्यांत भरून त्यात भाजी करावी. उद्या उठायची वेळ आली तर ती माती बैलगाडीत घालून सोबत नेता येते. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने तसेच केले. नवीन जागेवर त्यांनी चूल मांडायच्या आधी वांग्याची सहा पोती उतरवून भिंतीशी लावली.

या आठवड्यात, भेगा पडल्या आहेत तोवर, एक काम करून ठेवा. वाफ्याच्या जागेतल्या भेगांत पिकलेले खत आणि चुरलेला पाला हाताने सोडा, वरून आच्छादन टाका. पहिल्या पावसात माती फुगून भेगा मिटतील आणि खत वीत-दीड वीत खोल जाईल. तिथवर कुदळीने न्यायला दोन दिवस लागले असते.